वीतभर जागा

एर्गेशनं काडतुसांची पेटी काउंटरच्या काचेवर ठेवली. आपटली असती तर बरं झालं असतं. आपटणाऱ्या माणसाला दोन शब्द सुनावता येतात. यानं ती दोन्ही हातांनी, शेजाऱ्याचं उसनं भांडं परत द्यावं तशी अलगद ठेवली आणि हात कोटाच्या खिशात घातले. “सतरा आहेत, बाइके,” तो म्हणाला. काउंटरमागचा शार्शेन त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा, तेव्हा बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणं आलंच. “वीसची पेटी होती. दोन मामिरकुलनं डब्यावर मारून पाहिली, एक डुकरावर. आम्हाला नकोत ही घरात. हलकी निघाली.” शार्शेननं विचारलं, “हलकी?” “हलकीच. नाहीतर मामिरकुल, माझा भाऊ, आज जिवंत असता. याच्या वरचं, जड काडतूस काढा, तीनशे अडतीस. ते डुक्कर अजून तिथंच आहे. बटाट्याच्या शेतात रोज नवे ठसे असतात त्याचे.” बाहेर बिश्केकच्या ओश बाजाराकडं जाणाऱ्या गाड्या धुरकट हवेत भोंगे वाजवत होत्या. शार्शेननं पेटी उचलली नाही. तिचा एक कान फाटलेला होता, घाईत उघडताना फाटतं तसं. तो त्या फाटलेल्या पुठ्ठ्याकडं बघत राहिला.

दुकानाचा मालक कुबात आतून धावत आला. त्याचं धंद्याचं तोंड आणि दुःखाचं तोंड अशी दोन तोंडं आहेत आणि दोन्ही क्षणात बदलतात. “अरे एर्गेश! ये बाबा, बस. काय माणूस गेला रे! बैलासारखा माणूस! तीनशे अडतीस ना? शुक्रवारी येतंय. शनिवारी मामिरकुलचा चाळिसावा दिवस आहे नाही का तुमच्याकडं? मग शार्शेन बाइकेच घेऊन येतील. समाचाराला गेले नाहीत ते अजून, बघ की. कसली माणसं आपण!” एर्गेश म्हणाला, “या बाइके. बाबा विचारत होते, तो मेंढ्याच्या फोटोतला माणूस आला नाही म्हणून.” आणि जाता जाता त्यानं भिंतीकडं पाहिलं. गिऱ्हाईक जाताना त्या भिंतीकडं बघतंच. तिथं हातभर लांबीचा रंगीत फोटो आहे: दोन-दोन वेटोळी घेतलेल्या शिंगांचा रानमेंढा, त्याच्या मागं गुडघ्यावर बसलेला ऑस्ट्रियाचा दातांचा डॉक्टर, आणि डाव्या हाताला, कानटोपी मागं सारलेला, अकरा वर्षांपूर्वीचा शार्शेन. खाली कुबातनं लाल अक्षरात लिहून घेतलंय: पाचशे वीस मीटर, तीनशे मॅग्नम, जागच्या जागी.

जागच्या जागी! मेंढा जागच्या जागी पडला होता हे खरं, आणि तेवढंच खरं. आकसाईच्या त्या पठारावर वारा डोळ्यांतून पाणी काढत होता, डॉक्टर दगडाच्या आड पालथा पडून धापा टाकत होता, आणि त्याच्या बंदुकीचं टोक लिहायला शिकणाऱ्या पोराच्या पेन्सिलीसारखं थरथरत होतं. शार्शेन त्याच्या चार पावलं मागं, डाव्या अंगाला, आपली जुनी सोव्हिएत बंदूक दगडावर टेकवून पडलेला. ही तिकडची रीतच. शिकारीच्या कॅम्पात ती कुणी शिकवत नाही आणि कुणी बोलत नाही, पण नवीन वाटाड्याला पहिल्या हंगामातच कळते: पाहुण्याचा श्वास ऐकायचा, तो श्वास सोडून थांबला की आपलंही बोट चापावर, आणि त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा. पाहुणा हजारो मैलांवरून आलेला असतो. त्याचं जनावर जखमी होऊन चीनच्या हद्दीत गेलं तर कॅम्पाचं नाव जातं. दोन आवाजांचा एक आवाज झाला. दुर्बिणीतून शार्शेननं पाहिलं, डॉक्टरची गोळी मेंढ्याच्या वरच्या कड्याला लागून धूळ उडाली, आणि त्याच क्षणी मेंढ्याचे पुढचे गुडघे दुमडले. खांद्याच्या मागं, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात एक वीतभर जागा असते. त्या जागेत दाभणाएवढं लोखंड गेलं तरी जनावर मरतं. त्या जागेबाहेर तोफ डागली तरी ते चालतं, आणि चालता चालता काय करील ते सांगता येत नाही. हे शार्शेनला बापानं सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापानं. मेंढा सोलणाऱ्यानं फासळीतून शार्शेनची गोळी काढली आणि शेळीची लेंडी टाकावी तशी दगडांत फेकून दिली. डॉक्टर तोवर रडत होता. त्यानं शार्शेनला मिठी मारली, आपल्या काडतुसाचं चुंबन घेतलं, आणि देशी गेल्यावर तो फोटो पाठवला. शार्शेननं तोंडात मिठाची गुळणी धरली. बक्षीस मिळालं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर त्याला मजा वाटली होती. एवढा शिकलेला माणूस आणि इतका खुळा! त्या मजेची फळं पुढं कुणाच्या ताटात पडतील याचा विचार कोण करतो?

मग गुडघे गेले. डोंगर सुटला, बिश्केक आलं, कुबातचं दुकान आलं आणि भिंतीवरचा फोटो आला. नवव्या मजल्यावरचं घर, खाली धूर, आणि दिवसभर काचेच्या मागं उभं राहून लोकांच्या गप्पा ऐकायच्या. तरुण पोरं येतात, अमुक काडतूस तमुकापेक्षा किती जोरात मारतं यावर तासन्‌तास भांडतात, आकडे पाठ म्हणतात. नेम कुठं धरायचा हे एकही विचारत नाही. सुरुवातीला शार्शेन सांगायचा. “आधी जागा बघा रे. जागा!” तर ती हसायची, “बाइके, जागा बघायची तर एवढं जड काडतूस कशाला घ्यायचं?” कुबातनं एकदा बाजूला घेतलं. “तुम्ही नेम शिकवायला बसलात तर मी विकू काय? माती?” मग शार्शेन गप्प झाला. नुसता गप्प राहिला असता तरी ठीक होतं. माणूस गप्प राहता राहता दुसऱ्याचं बोलायला लागतो, हेच वाईट. ऑक्टोबरात मामिरकुल आला तेव्हा दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. केमिनकडचा बटाटेवाला, तळहात खडबडीत, लाजरा. रानडुकरं वाफेच्या वाफे उकरतात म्हणाला, परवाना काढलाय, बायको म्हणते जाऊ नका. “मला एवढं काही येत नाही, बाइके. डोंगरातला माणूस असून मेंढ्या राखण्यात जन्म गेला. तुम्ही सांगा.” आणि त्यानं फोटोकडं पाहिलं, मशिदीच्या दारात उभं राहून आत पाहावं तसं. शार्शेनला तेव्हा कंटाळा आला होता. सकाळपासून गुडघा ठणकत होता. या माणसाला जागा, श्वास, वाऱ्याची दिशा, डुकराच्या खांद्यावरची चिलखतासारखी चामडी हे सगळं सांगायचं म्हणजे तासभर गेला असता. त्यानं तीनशे मॅग्नमची पेटी पुढं सरकवली आणि म्हणाला, “हे घे. हे कुठंही लागू दे, खाली बसलंच पाहिजे.” कुठंही लागू दे! तीन शब्द. स्वतःच्या बापाच्या तोंडावर थुंकावं तसे ते तोंडातून निघाले आणि त्याला त्या वेळी काहीसुद्धा वाटलं नाही. मामिरकुलनं दोन्ही हात छातीवर ठेवून आभार मानले.

पुढचं शार्शेननं ऐकलं ते दहा जणांकडून, दहा प्रकारांनी, पण मुद्दा एकच. संध्याकाळी नदीकाठच्या काटेरी झुडपांतून डुक्कर निघालं. मामिरकुलनं गोळी घातली. डुक्कर मागच्या अंगानं पाठ वाकवून उडालं आणि परत झुडपांत गेलं. पाठ वाकवून! शार्शेननं हे ऐकलं आणि त्याला सगळं कळलं. पोटात लागली की पाठ वाकवतं. अशा वेळी बंदूक मांडीवर ठेवायची, थर्मासातला चहा काढायचा आणि सावकाश प्यायचा. तो संपला की दुसरा. मग केस बघायचे, रक्त बघायचं. गुलाबी फेस असेल तर चाला, हिरवट, आंबूस वासाचं असेल तर घरी जा, झोपा आणि उजाडल्यावर कुत्री घेऊन या. डोंगरातलं शेंबडं पोरसुद्धा चहा प्याल्याशिवाय झुडपात शिरत नाही. मामिरकुल हसला होता म्हणे. एर्गेशला म्हणाला, “झालं त्याचं काम. या काडतुसातून कोण वाचतं?” आणि लगेच आत शिरला. डुकराच्या सुळ्यानं त्याच्या मांडीची शीर फाटली. एर्गेश गाडी घेऊन येईपर्यंत त्याच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. ज्या जनावराचं मांस त्या घरात कुणी तोंडाला लावणार नाही, त्याच्यापायी माणूस गेला. आणि ते डुक्करही दोन दिवसांत आत कुठंतरी मेलं असणार, हे शार्शेनला स्वतःच्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. आतडी फाटलेलं जनावर मरतंच, फक्त ते तुमच्या सोयीनं मरत नाही. शेतातले ठसे दुसऱ्या कुणाचे. एर्गेश ज्याच्यावर सूड उगवायला निघालाय ते कधीच कुजलंय, आणि तो शिरणार आहे तसाच, भावासारखाच, हसत, आणखी जड काडतूस घेऊन.

शनिवारी सकाळी बायको बुरुलनं त्याचा काळा कोट झटकून दिला. चाळीस दिवस ती त्याला रोज बघत होती; तो जेवताना मध्येच थांबायचा, झोपेत हातांची उघडझाप करायचा. “काय बोलायचं ठरवलंयस?” तिनं विचारलं. “खरं.” “कशातलं खरं?” “फोटोतलं. आणि मी त्याला सांगितलं त्यातलं.” बुरुलनं कोटाचं बटण लावलं, मग दुसरं लावलं. “मेल्या माणसाच्या घरी जाऊन रडावं, दोन घास खावेत आणि परत यावं. खरं बोलायला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत की.” “त्यांचा दुसराही मुलगा जाईल, बुरुल.” त्याच्या पिशवीत तीनशे अडतीसची पेटी होती. ती तिनं हातात घेऊन पाहिली. “केवढी जड आहे,” एवढंच म्हणाली आणि परत ठेवली.

केमिनकडच्या व्हॅनमध्ये तो खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर. तोकमोक मागं पडलं, उजवीकडं नदी आली, बर्फ आलं. पुढच्या बाकावर दोन बायका लोणच्याच्या कोबीवरून तावातावानं बोलत होत्या. शार्शेन मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. मुलाचं लग्न ठरवायला गेला होता तेव्हासुद्धा एवढी जुळवाजुळव केली नव्हती. आधी फोटोचं सांगू. तो मेंढा माझ्या गोळीनं पडला, साध्या, जुन्या, स्वस्त गोळीनं. म्हणजे काडतूस मोठं असण्यात काही नाही. मग त्या तीन शब्दांचं सांगू. मग म्हणू, एर्गेश, जाऊ नकोस. जायचंच तर मी येतो, चहा प्यायला शिकवतो. ऐकायला सोपं वाटत होतं. कुबात हाकलून देईल, देऊ दे. फोटो उतरेल, उतरू दे. पण मन तिथं पोचल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण फोटो उतरेल या विचारानं त्याच्या छातीत खरोखर कळ आली होती. अकरा वर्षं लोक त्याला त्या फोटोमुळं नमस्कार करत होते. खोट्या फोटोमुळं का होईना, नमस्कार खरा होता. त्यानं डोळे मिटले तर मामिरकुलचे दोन्ही हात छातीवर ठेवलेले दिसले, म्हणून पुन्हा उघडले.

घर दिसलं तसं उतरून चालावं लागलं. आणि आता रडायचं. पहिल्यांदा येणारा पुरुष फाटक दिसल्यापासून मोठ्यानं हंबरडा फोडत जातो. दारात घरचे पुरुष काठीवर वाकून उभे असतात, ते आपला हंबरडा त्यात मिसळतात. हे शब्द ठरलेले असतात. अरे माझ्या आधारा रे, माझ्या डोंगरा रे, मला टाकून कुठं गेलास रे. शार्शेननं आयुष्यात पन्नास वेळा ते म्हटले असतील. त्या दिवशी पहिली हाक निघाली आणि पुढचे ठरलेले शब्द आलेच नाहीत. “अरे माझ्या भावा रे! मी मारलं रे तुला! माझ्या तोंडानं मारलं! कुठंही लागू दे म्हणालो मी, खोटं बोललो रे! फोटो खोटा, मी खोटा!” त्याचा आवाज फाटला, नाकातून पाणी गळायला लागलं. दारातला म्हातारा, मामिरकुलचा बाप कासमाली, काठीवर अधिकच वाकला आणि त्यानं वरच्या पट्टीत साथ दिली. एर्गेशनं दिली, चुलत्यांनी दिली. कुणाच्याही चेहऱ्यावर काही फरक नाही. मीच मारलं रे, मी मरायला हवं होतं रे, असं कोण म्हणत नाही? जो येतो तो म्हणतोच. एक चुलता पुढं आला, त्यानं शार्शेनला खांद्यानं धरलं आणि रुमाल दिला. “पुरे, पुरे. घट्ट हो. माया होती तुझी, दिसतंय आम्हाला.” आणि मागं उभ्या असलेल्या म्हातारीनं शेजारणीला हळूच म्हटलं, “शहरातला असून काय रडला गं! आजकाल अशी माणसं राहिली नाहीत.”

आत चटया अंथरलेल्या, मधोमध चादरीवर तळलेल्या पिठाच्या तुकड्यांच्या, बोरसोकच्या राशी, लोणी, जर्दाळू. शार्शेनला वरच्या जागी बसवलं आणि घोड्याच्या मांसातलं मानाचं हाड त्याच्यापुढं ठेवलं. ते त्याला गिळवेना. मामिरकुलची बायको झूराकान काळा रुमाल कपाळापर्यंत ओढून चहा ओतत होती, प्रत्येकाला अर्धीच वाटी, म्हणजे पुन्हा पुन्हा हात पुढं व्हावा; काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पाहुण्यानं आता उठावं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. एर्गेशनं विचारलं, “आणलंत का, बाइके?” सगळे त्याच्या पिशवीकडं बघायला लागले. शार्शेन म्हणाला, “आणलंय. पण आधी ऐका. बाहेर बोललो ते रडण्याचं नव्हतं. तो फोटोतला मेंढा डॉक्टरनं नाही पाडला. मी पाडला. माझ्या जुन्या बंदुकीनं. त्याची गोळी दगडाला लागली.”

दाराजवळ बसलेला एक दाढीवाला खुदकन हसला. “घ्या! नारीनकडचा प्रत्येक वाटाड्या हेच सांगतो. माझा मेव्हणा तर म्हणतो त्यानं एका शेखचे चार पाडले.” चुलता म्हणाला, “अरे, पाडला असेल की! एवढा मोठा शिकारी, का नाही पाडणार?” आणि दोघं-तिघं मान हलवून हसले, कौतुकानंच हसले, पाहुण्यानं स्वतःच्या घोड्याची तारीफ केली तर हसावं तसे. शार्शेनला वाटलं, आपण पाण्यात ओरडतोय. त्यानं वाटी खाली ठेवली. “मला मोठेपणा नकोय हो! मी सांगतोय की काडतुसात काही नसतं! मामिरकुलचं काडतूस हत्तीला पुरलं असतं. हलकं नव्हतं ते.”

आता कुणी हसलं नाही. कासमाली म्हातारा इतका वेळ दाढी कुरवाळत होता, त्याचा हात थांबला. “हलकं नव्हतं,” तो म्हणाला. “मग काय होतं?”

“जागा, अक्साकाल,” शार्शेन वडीलधाऱ्याला मानानं म्हणतात तसं म्हणाला. “जागा असते. खांद्याच्या मागं वीतभर.”

“आणि माझ्या मुलाची कुठं लागली?”

“पोटात.”

“कशावरून?”

“डुकरानं पाठ वाकवली म्हणून.”

“बरं. पोटात लागली. मग काय करायला हवं होतं त्यानं?”

“थांबायला हवं होतं. दोन वाट्या चहा पिण्याएवढं. रक्त बघायचं, मग...”

“म्हणजे माझ्या मुलानं नेम चुकवला,” म्हातारा सावकाश म्हणाला, हिशोब समजून घेणाऱ्या माणसासारखा, रागानं नव्हे. “आणि वर घाई केली. शेंबड्या पोराला कळतं ते त्याला कळलं नाही. चाळिसाव्या दिवशी, त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, हे सांगायला आलास तू?”

“नाही, अक्साकाल, चूक माझी! मी त्याला सांगितलं होतं की कुठंही लागू दे...”

“दुकानदार काय वाटेल ते सांगतो. माझा मुलगा बावळट होता का दुकानदाराचं ऐकायला?”

याचं उत्तर होतं: हो, ऐकलं त्यानं, लाजरा होता, भोळा होता, मला देव समजला. हे त्या बापाला कोण सांगणार? शार्शेननं आजूबाजूला पाहिलं. अठरा-वीस माणसं, सगळ्यांचे हात थांबलेले. झूराकानच्या हातात किटली तशीच तिरकी राहिली होती आणि चहाची धार बंद झाली होती. आता प्रथमच ती त्याच्याकडं बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. विनवणी होती. तिच्या तीन मुलांचा बाप चाळीस दिवस काडतुसानं मेला होता. आज संध्याकाळपासून तो स्वतःच्या चुकीनं मेलेला ठरला असता, गाव उद्यापासून हेच म्हणालं असतं, शाळेत पोरांना कुणीतरी म्हणालं असतं, तुझ्या बापाला डुक्कर मारता येत नव्हतं. खरं एकच होतं, आणि ते बोलायला या खोलीत जागा नव्हती. एर्गेश दीराच्या मानानं तिच्या शेजारी बसला होता, अंगानं दांडगा, डोळे रडून सुजलेले. त्याला वाचवायचं तर त्याच्या भावाला पुन्हा मारायला हवं. शार्शेननं तोंड उघडलं.

“हलकं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“काडतूस. हलकं होतं, अक्साकाल. नेम बरोबर होता त्याचा. मी चुकीचं दिलं. दुकानाची चूक. मला बोलायची लाज वाटत होती म्हणून मी भलतंच बडबडलो.”

खोलीनं श्वास सोडला. कुणीतरी “देव बघून घेईल” म्हणालं, कुणीतरी हाडावरचं मांस पुन्हा कापायला घेतलं. चुलता म्हणाला, “मी म्हणालोच होतो, मामिरकुलचा हात कधी हलला नाही. लहानपणी गोफणीनं चिमण्या पाडायचा.” दाढीवाल्यालाही एकदम अशाच दोन गोष्टी आठवल्या. झूराकाननं शार्शेनच्या वाटीत चहा ओतला, अर्धी नव्हे, काठोकाठ भरून. मग तिला भान आलं आणि तिनं घाईनं किटली उचलली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. त्यानं शार्शेनच्या हातावर आपला सुरकुतलेला हात ठेवला. “चूक कबूल करणारा माणूस मोठा असतो. आमच्या मनात काही नाही.”

शार्शेननं पिशवीतून पेटी काढून एर्गेशच्या हातात दिली. एर्गेशनं ती गुडघ्यावर ठेवली. “उद्या पहाटे जातो,” तो बापाला म्हणाला. शार्शेन घाईघाईनं म्हणाला, “गोळी घातल्यावर थांब जरा. लगेच आत जाऊ नकोस. चहा पी.” “हो हो, बाइके,” एर्गेश हसून म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं. “याला चहाची काय गरज? हे बघा ना केवढं आहे.”

मग कासमालीनं हात पुढं केले, तळवे आभाळाकडं. जेवण झालं की वडीलधाऱ्यानं आशीर्वाद द्यायचा आणि मग उठायचं. पण म्हाताऱ्यानं मान हलवली आणि शार्शेनकडं बघून म्हणाला, “आज तू दे. तू दुरून आलायस, आणि माझा पोरगा उद्या डोंगरात जातोय. शिकाऱ्याचा आशीर्वाद लागतो.” सगळ्यांनी तळवे उघडले. एर्गेशनं सर्वांत आधी उघडले आणि डोकं खाली घातलं. शार्शेनचे हात वर यायला वेळ लागला. बाहेर कुत्रं भुंकत होतं, आत सगळे वाट बघत होते. “वाट मोकळी असो,” तो म्हणाला. “नेम लागो. घरी परत ये.” शब्द बरोबर आले, आवाज हलला नाही, आणि त्याच्या मागोमाग सगळ्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली ओढले.